रेस अकराला, घटही अकराला

ताई, आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. मी, नवरा, दहा वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. नवऱ्याला फॉर्म्युला वनचं वेड आहे, रेस पहाटे असली तरी अलार्म लावून उठतो, आणि आता मुलगीपण त्याच्याच वळणावर गेलीये, दोघं सोफ्यावर बसून टायरवरून भांडतात. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. यंदा त्याला चाळीस पूर्ण होतायत म्हणून ऑक्टोबरमधली सिंगापूरची रेस बघायला जायचं असं त्याने ठरवलं. ते सासऱ्यांनी ऐकलं आणि म्हणाले, चला सगळेच जाऊ, सिंगापूर बघायचं राहिलंच आहे. आता पाच जणांची तिकिटं, पाच जणांचा खर्च, सासूबाईंचे गुडघे, आणि वर नवरा म्हणतो प्लॅनिंग तूच कर, तुला छान जमतं. टूरवाल्याने मरीना बेचं हॉटेल धरून जो आकडा सांगितला तो ऐकून मी फोन ठेवून दिला. सगळ्यांना नेऊ का? नको म्हणाले तर वाईट मीच ठरणार.
– गोंधळलेली, घोडबंदर रोड

अगं गोंधळलेली,

टूरवाला, हॉटेल, गुडघे हे सगळं नंतर. आधी किचनमध्ये लटकवलेलं कालनिर्णय काढ आणि ऑक्टोबरचं पान उघड. सिंगापूरची रेस यंदा 9, 10, 11 ऑक्टोबरला आहे, शुक्रवार ते रविवार. 10 ला सर्वपित्री अमावस्या. आणि 11 ला, म्हणजे ज्या रविवारी रात्री तिकडे रेस सुटणार त्याच रविवारी सकाळी इकडे घटस्थापना. यंदा अधिक महिना आला ना, त्यामुळे नवरात्र एवढं पुढे सरकलंय आणि बरोब्बर रेसवर येऊन बसलंय. तुझ्या पत्रात घटाचा उल्लेखच नाहीये, म्हणजे एकतर तुमच्याकडे घट बसत नाहीत, किंवा (माझा संशय हाच) घरात अजून कोणी तारीखच बघितलेली नाहीये, सासरे जोशात बोलून गेले आणि सासूबाई मनातल्या मनात म्हणाल्या असतील बघू पुढचं पुढे.

तर पहिली गोष्ट, ही तारीख घरात मोठ्याने वाचून दाखवायची. आणि ती तू नाही वाचायची, नवऱ्याने वाचायची. जेवताना, सहज, "आई, रेस अकराला आहे आणि घटही अकरालाच बसतायत, काय करायचं?" एवढंच. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं, उत्तर तयार करून द्यायचं नाही. ज्या घरात घट बसतो, अखंड दिवा असतो, तिथली बाई नऊ दिवसांच्या पहिल्याच दिवशी परदेशात असायला सहसा तयार होत नाही, आणि नाही म्हणण्याचा मान त्यांचा त्यांना मिळतो, तुला काही नाकारावं लागत नाही. आता त्या म्हणाल्या की "सुनेनेपण घरात असायला हवं", तर त्याचं उत्तरही नवऱ्यानेच द्यायचं, कारण वाढदिवस त्याचा, हौस त्याची, रेस त्याची. तू प्लॅनिंग करतेस म्हणून घरातल्या सगळ्यांना समजवायचं कामही तुझ्याच गळ्यात पडतं हे मला नेहमी दिसतं, पत्रं बायकांची येतात आणि प्रॉब्लेम नवऱ्यांचे असतात.

आणि सासऱ्यांचं सिंगापूर राहिलंय ना, ते खरंच दाखवा त्यांना, पण रेसच्या वीकेंडला नको. त्या आठवड्यात शहराचा जो भाग बघायला लोक सिंगापूरला जातात तोच भाग ट्रॅक असतो. मर्लायनचा पुतळा, एस्प्लनेड थिएटर, फ्लायरचा मोठा पाळणा, पाडांगचं मैदान, नॅशनल गॅलरी, हे सगळं त्या ट्रॅकच्या आत नाहीतर त्याला चिकटून, रस्ते बंद, सगळीकडे जाळ्या आणि बॅरिकेड, हॉटेलचे रेट आभाळाला. सत्तरीच्या माणसाला जास्त पैसे भरून कमी शहर दाखवायचं, ह्यात काय पॉइंट आहे? दिवाळी यंदा 8 नोव्हेंबरला आहे, म्हणजे त्यानंतर मुलीला सुट्टी, तेव्हा आजी-आजोबांना घेऊन कुठे जायचं ते ठरवा, ती वेगळी ट्रिप, त्यांच्या स्पीडची.

आता राहिलात तिघं. इथे माझं म्हणणं थोडं वेगळं आहे, नीट वाच. रेसची तिकिटं दोनच काढ. नवरा आणि मुलगी. तू जा सिंगापूरला, पण तीन दिवसांचं तिकीट स्वतःसाठी काढू नकोस. तुला आवड नाहीये हे तू स्वतःच लिहिलंयस, मग तीन संध्याकाळी दमट हवेत उभं राहून न कळणारी गोष्ट बघायला हजारो रुपये कशाला घालायचे? फारच वाटलं तर एका दिवसाचं तिकीट मिळतं का बघ, शुक्रवारचं, कारण शुक्रवार स्वस्त असतो आणि गाड्यांचा आवाज एकदा छातीत ऐकला की तुझी उत्सुकता पूर्ण होईल. बाकीच्या संध्याकाळी त्या बापलेकीच्या. आणि तुझ्या, त्यावर येतेच मी.

हा वीकेंड असतो कसा ते आधी समजून घे, म्हणजे नवऱ्याशी बोलताना तू फक्त मान डोलवणार नाहीस. सिंगापूरची रेस 2008 ला सुरू झाली, फॉर्म्युला वनच्या इतिहासातली रात्रीची पहिली रेस हीच. (त्या पहिल्या रेसमध्ये एका ड्रायव्हरने टीमच्या सांगण्यावरून मुद्दाम गाडी भिंतीवर घातली होती, ते पुढच्या वर्षी बाहेर आलं. नवऱ्याला नुसतं विचार "2008 ला काय झालं होतं रे?" आणि चहा टाक, अर्धा तास कुठे गेला कळणार नाही.) ट्रॅक म्हणजे शहरातले नेहमीचे रस्ते, साधारण 4.9 किलोमीटरचा एक लॅप आणि रविवारी असे 62 लॅप. यंदा तिथे पहिल्यांदाच स्प्रिंट फॉरमॅट आहे, म्हणजे शुक्रवारी एक प्रॅक्टिस आणि स्प्रिंटची क्वालिफाइंग (रेसमध्ये कोण कितव्या नंबरवरून सुटणार ते ठरवणारी फेरी), शनिवारी आधी छोटी स्प्रिंट रेस, साधारण 100 किलोमीटरची, मग मेन क्वालिफाइंग, आणि रविवारी खरी रेस. पूर्वी शुक्रवारी नुसती प्रॅक्टिस असायची तेव्हा लोक शुक्रवार सोडायचे, यंदा तिन्ही दिवशी काहीतरी पणाला लागलेलं आहे, त्यामुळे तीन दिवसांचं तिकीट वसूल होतं. गाड्यासुद्धा यंदा नव्या नियमांच्या आहेत, पूर्वीपेक्षा छोट्या आणि हलक्या, जवळपास निम्मी ताकद विजेवर, आणि टीम 11 झाल्यायत. तुझ्या मुलीला हे सगळं पाठ असेल म्हणा.

तिकिटाचे दोन प्रकार लक्षात ठेव. एक ग्रँडस्टँड, जिथे तुमची सीट ठरलेली. दुसरं वॉकअबाउट, म्हणजे आत शिरा, तुमच्या झोनमध्ये फिरा, जाळीजवळ किंवा उंचवट्यावर जिथे जागा मिळेल तिथे उभे राहा. सगळ्यात कमी पैशांत जायचं तर झोन 4 चं वॉकअबाउट बघतात लोक, आणि पाडांगचं मोठं स्टेज त्याच बाजूला असल्यामुळे रात्रीचे कॉन्सर्टही तिकिटातच येतात. तरुण पोरांचा ग्रुप असेल तर मी डोळे मिटून वॉकअबाउट सांगते. पण दहा वर्षांची मुलगी बरोबर असताना नाही. कारण जाळीपाशी पुढची रांग पकडायची तर गेट उघडल्यापासून तीन-चार तास ठाण मांडून बसावं लागतं, पाण्याला किंवा बाथरूमला गेलात की जागा गेली, आणि मागच्या रांगेत दहा वर्षांच्या पोरीला फक्त पाठी दिसतात. मोठा माणूस टाचा उंचावून थोडंफार बघतो, ती काय बघणार?

त्यामुळे ग्रँडस्टँड, आणि सीट निवडताना सरळ रस्त्यावरची नको. हे नवऱ्यालाही सांग, तो कदाचित पिट (टायर बदलायला गाड्या थांबतात ती जागा) समोरची मागेल, स्टार्ट-फिनिश बघायला. सरळ रस्त्यावर गाडी येते कधी आणि जाते कधी ते कळत नाही, डावीकडे एक कण्हल्यासारखा आवाज, मग समोर नुसता रंगाचा पट्टा, मान वळवेपर्यंत उजवीकडे शांतता. वळणाशी मात्र मजा असते. गाडी ब्रेक मारत येते, डिस्क लाल होतात, तळाची पट्टी रस्त्याला घासून ठिणग्या उडतात आणि त्या रात्री जास्तच दिसतात, गिअर उतरतानाचा फट-फट आवाज पोटात जाणवतो, आणि ड्रायव्हरचं हेल्मेट कोणत्या रंगाचं ते ओळखण्याइतका वेळ मिळतो. मुलगी ते हेल्मेट ओळखेल आणि किंचाळेल, पैसे तिथे वसूल. तेव्हा वळणावरचं स्टँड, समोर मोठी स्क्रीन दिसेल असं, कारण रेसची स्टोरी स्क्रीनवरच कळते, गाड्या समोरून फक्त जात असतात. आणि तिकीट घ्यायचं ते ऑफिशियल साइटवरून किंवा त्यांनी नेमलेल्या विक्रेत्याकडून. फेसबुकवर कोणी "एक्स्ट्रा तिकीट आहे भाऊ" म्हणत असेल तर त्याला लांबूनच नमस्कार.

मुलीसाठी कानावर लावायचे मोठे इअर मफ घे, नवऱ्याला इअर प्लग पुरतील. आत्ताच्या गाड्या पूर्वीच्या मानाने शांत आहेत असं जुने फॅन कुरकुरतात खरं, पण भिंतींच्या मध्ये तो आवाज घुमतो, लहान कानांना तीन दिवस नको.

उकाड्याचं विचारशील तर आपल्या ऑक्टोबर हीटचीच बहीण, फक्त तिथे ती रात्रीसुद्धा उतरत नाही, अंधार पडल्यावरही तीस डिग्रीच्या आसपास आणि हवा चिकट. ड्रायव्हर लोकांचं ह्या एका रेसमध्ये घामाने दोन-तीन किलो वजन उतरतं, आणि 2025 ला तर फॉर्म्युला वनने पहिल्यांदा अधिकृतपणे हीट हॅझर्ड, म्हणजे अति उष्णतेचा धोका, जाहीर केलं ते ह्याच रेसला. सुती कपडे, ओआरएसची पाकिटं, पातळ रेनकोट. छत्री नको, मागच्याला दिसत नाही. पावसाची गोष्ट गंमत म्हणून सांगत नाहीये मी, 2022 ला पावसामुळे रेस एक तासाहून जास्त उशिरा सुरू झाली होती. म्हणून रविवारी रात्रीची परतीची फ्लाइट अजिबात घ्यायची नाही, सोमवारी पहाटेचीही नाही. सोमवारी संध्याकाळनंतरची घे.

वेळेची एक युक्ती देते जी मुलं बरोबर असलेल्यांना फार उपयोगी पडते. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. रविवारची रेस तिथल्या रात्री आठला, म्हणजे आपल्या साडेपाचला. तर शरीर भारतातच ठेवायचं! मुलगी इथे आठ-साडेआठला उठत असेल सुट्टीच्या दिवशी, तर तिथे ते अकरा वाजलेले असतात, उठू दे अकराला. रेस संपते दहाच्या सुमाराला, तिच्या हिशेबाने साडेसात, झोपेचं नावही नाही. जे लोक तिथे गेल्यागेल्या लोकल टाइमला उठून सकाळी सातला साइटसीइंग सुरू करतात त्यांची पोरं रेसच्या वेळी बापाच्या मांडीवर झोपलेली असतात. आणि हे काही माझं डोकं नाही, रेसच्या टीम्सच तिथे युरोपच्या घड्याळावर राहतात, दुपारी उठतात आणि पहाटे झोपतात. हॉटेल बुक करताना फक्त बघ की ब्रेकफास्ट साडेदहाला बंद होत असेल तर ब्रेकफास्टचे पैसे भरू नकोस.

आता हॉटेल. मरीना बेचा आकडा ऐकून फोन ठेवलास ते उत्तम केलंस. खोलीच्या खिडकीतून ट्रॅक दिसतो त्याचे ते पैसे असतात, आणि तुमच्या हातात ग्रँडस्टँडचं तिकीट असताना खिडकी काय करायचीये? लिटल इंडियात राहा. नुसतं खाण्यापिण्याची सोय म्हणून नाही सांगत (ती आहेच, सेरांगून रोडवर कोमला विलास 1947 पासून चालू आहे, मुलीला तीन दिवस नूडल्स नको झाले की तिथे डोसा खायला घाल), मेट्रोसाठी सांगतेय. लिटल इंडिया स्टेशनवरून डाउनटाउन लाइन जाते, मॅपवर निळी. एका दिशेला रोचोर, बुगीस, मग प्रोमेनेड, म्हणजे तिसऱ्याच स्टेशनला ट्रॅक. त्याच्या पुढचं बेफ्रंट, तिथे उतरलं की गार्डन्स बाय द बे. उलट्या दिशेला न्यूटन, स्टीव्हन्स, आणि मग बोटॅनिक गार्डन्स. म्हणजे नवऱ्याची रेस आणि तुझी सगळी ठिकाणं एकाच लाइनवर, गाडी बदलायची भानगडच नाही. मेट्रोत टॅप करायला आपलं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं, फक्त बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल आणि कॉन्टॅक्टलेस दोन्ही चालू करून जा, आणि एका कार्डावर एकच माणूस, तिघांना तीन कार्डं लागतात. मुलीसाठी तिथे पोचल्यावर इझी-लिंक कार्ड, म्हणजे मेट्रोचं प्रीपेड कार्ड, घेऊन टाक.

रेस सुटल्यावर जवळच्या स्टेशनवर जाऊ नका हे नवऱ्याला पढवून ठेव. सिटी हॉल आणि प्रोमेनेडला तेव्हा संध्याकाळचं ठाणे स्टेशन असतं, फक्त लोक रांगेत उभे असतात एवढाच फरक. पाडांगच्या बाजूने बाहेर पडलात तर पंधरा-वीस मिनिटं चालत बुगीसला जायचं, तिथून लिटल इंडिया दोन स्टेशनं. टॅक्सीच्या नादाला लागायचंच नाही, रस्ते बंद असतात, ॲपवर रेट तिप्पट दिसेल आणि गाडी येणार नाही ती नाहीच. आणि गर्दीत फोनचं नेटवर्क मान टाकतं, म्हणून बापलेकीने चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आत शिरतानाच ठरवायचं, आणि मुलीच्या खिशात हॉटेलचं नाव आणि तुम्हा दोघांचे नंबर लिहिलेला कागद.

तुझ्या संध्याकाळी. बाई गं, तीन संध्याकाळी, कुणाचा डबा नाही, कुणाचा होमवर्क नाही, सिंगापूरसारखं शहर जिथे रात्री अकराला एकटी बाई मेट्रोतून आली तरी कोणी मान वर करून बघत नाही. आणि तू मला लिहितेस काय करू! शुक्रवारी गार्डन्स बाय द बेला जा, ते मोठे लोखंडी सुपरट्री आहेत ना, त्यांचा लाईट-म्युझिकचा शो रोज रात्री 7:45 आणि 8:45 ला असतो, फुकट, गवतावर आडवं पडून बघायचा. ट्रॅकचा आवाज तिथपर्यंत पोचला तर पोचू दे. शनिवारी दुपारी बोटॅनिक गार्डन, युनेस्कोच्या यादीत आहे 2015 पासून, आत फिरायला पैसे लागत नाहीत, फक्त ऑर्किडच्या बागेला तिकीट आहे आणि ते काढच. संध्याकाळी लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरच्या स्टॉल्सवर खा आणि मुस्तफा नावाच्या मोठ्या दुकानात शिर. मुस्तफाबद्दल माझं मत असं की तिथे नवऱ्याशिवायच जायला पाहिजे, घड्याळं ते लोणची सगळं एका छताखाली, आणि "झालं का तुझं" म्हणणारं कोणी नाही. दिवाळीचं लायटिंग सेरांगून रोडवर महिनाभर आधीपासून लागलेलं असतं, म्हणजे तेही बघायला मिळायची शक्यता आहे. आणि रविवारी सकाळी, घटस्थापनेला, सेरांगून रोडवरच वीरमाकालीअम्मन देवीचं मोठं देऊळ आहे, तिथे ओटी भरून ये आणि सासूबाईंना व्हिडिओ कॉल कर. त्यांना बरं वाटेल, आणि मुलीलाही कळेल की रेस आणि घट दोन्ही एका दिवसात बसतात.

मर्लायन, फ्लायर वगैरे फोटोची ठिकाणं करायचीच असतील तर गुरुवारी पोचल्यापोचल्या जमेल तेवढीच करा, राहिली तर राहू देत, त्यासाठी भांडण नको. बुधवारी रात्रीची फ्लाइट घेतली तर साडेपाच तासांनी तुम्ही गुरुवारी सकाळी चांगी विमानतळावर. म्हणजे मुलीची शाळा गुरुवार, शुक्रवार, सोमवार आणि दमलात तर मंगळवार. सहामाही परीक्षा कधी आहे ते टीचरना आत्ताच विचारून घे, तिकीट काढल्यावर नाही. आणि फ्लाइट मुंबईच्या टी-टूवरून आहे की नवी मुंबईहून तेही तिकिटावर वाचून घे, घोडबंदरवरून दोन्ही दिशा वेगळ्या, आणि माजिवड्याला अडकल्यावर शोध लागून उपयोग नाही.

पैशांचं थोडक्यात. सिंगापूर डॉलर हिशेबाला सत्तर रुपये धर. आधी रेसची तिकिटं, मग लगेच हॉटेल, फ्री कॅन्सलेशनवालंच, कारण व्हिसा शेवटी होतो, सिंगापूरचा अर्ज साधारण प्रवासाच्या महिनाभर आधी करतात, ऑथराइज्ड एजंटकडून. टूरवाल्याचं पॅकेज घेतलंस तर त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापतात, तो रिटर्न भरताना वळता होतो पण आत्ता खिशातून जातोच. तुमच्या केसमध्ये मला पॅकेजची काही गरज दिसत नाही. अरायव्हल कार्ड म्हणून एक ऑनलाइन फॉर्म असतो तो पोचायच्या तीन दिवसांच्या आत भरायचा आणि तो फुकट आहे, गुगलवर वरच दिसणाऱ्या भलत्याच साइट त्याचे पैसे उकळतात, सरकारी साइटवरच भर.

आता समजा, घट दीरांकडे बसतात, सासूबाई म्हणाल्या मी येणारच आणि सासरे बॅग भरून तयार. असंही होतं. तर मग त्यांना न्या, आनंदाने न्या, पण तिकिटं तरीही दोनच. गेटपासून सीटपर्यंत चालणं बरंच असतं, ट्रॅक ओलांडायला तात्पुरते जिन्यांचे पूल असतात, सासूबाईंच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही, आणि तुझ्या तीन संध्याकाळी मग तिघांच्या होतील, सुपरट्री, देऊळ, बोटॅनिक गार्डन, सगळीकडे बाकडी आहेत, लिफ्ट आहेत. एक दिवस मंडाईला झू. खोल्या दोन घ्या आणि शेजारीशेजारी मागा. सासरे तंबाखू खात असतील (पत्रात नाही लिहिलंयस, पण विचारून ठेवते) तर ती पुडी ठाण्यातच राहायला हवी, चघळायची तंबाखू तिथे न्यायलाच बंदी आहे, गुटख्याचंही तेच, व्हेपचंही तेच. आणि मेट्रोत डबा उघडायचा नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही, दंड 500 डॉलरपर्यंत आहे. सासूबाईंच्या पिशवीत लाडू असणार, ते हॉटेलवर खा.

हे सगळं वाचून नवरा म्हणेल "तू नसशील तर मजा नाही". गोड आहे, पण त्याला विचार की सेफ्टी कार (अपघात झाला की बाकीच्या गाड्यांना हळू चालवायला लावणारी गाडी) आली तर तो तुझ्याशी बोलणार आहे का स्क्रीनकडे बघणार आहे. वाढदिवसाचं जेवण सोमवारी दुपारी तिघांनी करा, चांगल्या ठिकाणी, आरामात, तेव्हा रेस संपलेली असेल आणि त्याला दुसरं काहीतरी सुचेल.

आणि आज रात्री झोपायच्या आधी मुलीचा पासपोर्ट काढून बघ. लहान मुलांचा पाचच वर्षांचा असतो, पाचव्या वर्षी काढलेला असेल तर संपत आलाय, आणि सिंगापूरला पोचताना सहा महिने तरी शिल्लक लागतात. रिन्यूअलच्या फॉर्मबरोबर तुम्हा दोघांच्या सह्यांचं अनेक्शर डी लागेल. वागळे इस्टेटच्या पासपोर्ट ऑफिसची अपॉइंटमेंट आधी मिळव, मग तिकिटं.

– ताई